वेल्समधली रांगेतली जुनी दगडी घरं : काय बदलावं, काय राहू द्यावं?

पाऊसवाट

नमस्कार मंडळी. वेल्समध्ये राहणाऱ्यांकडून आणि जुन्या बांधकामाची माहिती असणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

मी आणि नवऱ्याने दक्षिण वेल्समध्ये ब्लेनॅव्हन या जुन्या लोखंड-कोळशाच्या गावाजवळच्या एका खोऱ्यात रांगेतलं घर घेतलं आहे. साधारण १८४० च्या आसपासचं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे नंतर कधीतरी वाढवलेलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. भिंती दगडी, जवळजवळ दोन फूट जाड. घर ‘ग्रेड टू’ म्हणून वारसा इमारतींच्या सरकारी यादीत नोंदलेलं आहे. पण समोरून दगड दिसतच नाही, त्यावर सिमेंट आणि खड्यांचा खरबरीत गिलावा आहे. खिडक्या प्लास्टिकच्या, छपरावर काँक्रीटची कौलं. मधल्या खोलीत आणि पुढच्या खोलीत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ओल आहे, पोपडे सुटतात आणि लोणा धरतो.

ठेकेदार येऊन गेला. त्याचं म्हणणं असं : भिंतीला भोकं पाडून ओल-प्रतिबंधक रसायन भरायचं, आतून वॉटरप्रूफ गिलावा करायचा, त्यावर फोमचे बोर्ड लावायचे, जुन्या चुलीचा पुढे आलेला भाग तोडून दोन खोल्यांची एक करायची. खर्च बराच आहे, पण प्रश्न नुसता पैशाचा नाही. रांगेतल्या बाकीच्या घरांत तीन-तीन पिढ्या राहिलेली माणसं आहेत. आपण येऊन घराचं वाटोळं केलं असं व्हायला नको. यातलं काय करावं आणि कशाला हात लावू नये?

चुनखडी

ताई, कुठल्याही कागदावर सही करू नका. मी कार्डिफमध्ये जुन्या इमारतींच्या पाहणीचं काम करतो आणि खोऱ्यांतली अशी घरं हा माझा रोजचा विषय आहे. थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या भागातला दगड बहुधा पेनंट सँडस्टोन. करडा-निळसर, फार कठीण आणि घट्ट. भिंत बाहेरून अखंड वाटली तरी आत दोन थर असतात. बाहेरचा दगडांचा, आतला दगडांचा, आणि मधल्या पोकळीत बारीक चिपा, माती, चुना. सांधे चुन्याचे. खोऱ्यांत बऱ्याच ठिकाणी चुन्यात भट्टीची राख मिसळलेली असते, म्हणून सांधा काळा दिसतो. तो काळा रंग मळाचा नाही, मूळ मालाचाच आहे.

आता मुद्दा. वरच्या खोऱ्यांत वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने वाऱ्याबरोबर आडवा येतो. ही भिंत पाणी अडवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पाणी थोडं आत घ्यायचं आणि कोरडा वारा सुटला की परत सोडून द्यायचं, असं तिचं काम चालतं. दगड इतका घट्ट की त्यातून फारसं पाणी जात नाही. ये-जा होते ती सांध्यांतल्या चुन्यातून. सांध्यांत सिमेंट भरलं किंवा सगळ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती एकमेव वाट बंद होते. सिमेंटला तडे जातातच. केसाएवढ्या तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला जागा नसल्याने आतल्या बाजूला सरकतं. तुमचे पोपडे हे त्याचंच लक्षण असण्याची शक्यता खूप आहे.

रसायन टोचण्याबद्दल : दोन फूट जाडीची, मधे पोकळ्या आणि चिपा असलेली भिंत. त्यात रसायनाचा सलग थर बनेल याची खात्री कोण देणार? आणि वरून वॉटरप्रूफ गिलावा केला की ओल दिसायची थांबते, जात नाही. ती वर चढते किंवा तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. भिंतीत घुसलेली लाकडाची टोकं कुजू लागली तर ते कळायला दहा वर्षं जातात.

आधी बाहेर जाऊन चार गोष्टी पाहा. एक, पन्हाळी आणि खाली उतरणारे नळ तुंबलेत किंवा गळताहेत का. दोन, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का (शंभर-दीडशे वर्षांत रस्त्यावर थरावर थर चढतात). तीन, भिंतीला चिकटून काँक्रीटची पायवाट केली आहे का. चार, बंद केलेल्या धुराड्यांना हवा खेळायला जाळी ठेवली आहे का. निम्मी उत्तरं तिथेच मिळतील.

सह्यकडा

चुनखडी, उत्तम प्रतिसाद. मी पुण्यात स्थापत्य अभियंता आहे, काही वाड्यांच्या दुरुस्तीत चुना हाताळला आहे. एक शंका. तिकडे एवढा पाऊस, एवढी थंडी. साधा भिजवलेला चुना तिथे टिकतो का? की पाण्यात घट्ट होणारा चुना वापरतात?

चुनखडी

दोन्ही. आतल्या गिलाव्याला भिजवलेल्या चुन्याचा लोण्यासारखा लगदा चालतो, शक्यतो केस किंवा तंतू घालून. बाहेरच्या सांध्यांना मात्र जलीय चुना लागतो, विशेषतः पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला. आणि हा चुना वेल्सला परका नाही. ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावरचं ॲबरथॉ हे त्यासाठी नावाजलेलं गाव होतं. १७५० च्या दशकात अभियंता जॉन स्मीटनने समुद्रातल्या खडकावर एडिस्टनचं दीपगृह बांधलं, तेव्हा तिथलाच चुना निवडला होता, कारण तो पाण्याखाली घट्ट होतो.

आज बाजारात जलीय चुना ताकदीप्रमाणे दोन, साडेतीन आणि पाच अशा क्रमांकांनी मिळतो. गवंडी सवयीने पाच नंबर उचलतो. पेनंटसारख्या कठीण दगडालाही बहुतेक ठिकाणी साडेतीन पुरतो. सांधा दगडापेक्षा नेहमी मऊ असायला हवा. झिजायचं ते सांध्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

डॉक्टरकाका

इतका चांगला धागा पाहून राहवलं नाही. मी सत्तरच्या दशकात मिरजेहून शिकून इथे आलो आणि ऱ्हॉन्दामध्ये अनेक वर्षं दवाखाना चालवला. त्या काळात खोऱ्यांतल्या दवाखान्यांत भारतीय डॉक्टर पुष्कळ होते, कारण इथले तरुण डॉक्टर यायला तयार नसत. त्यामुळे ही घरं मी आतून पाहिली आहेत, घर पाहायला गेलेल्याच्या नव्हे तर रोग्याच्या उशाशी बसलेल्याच्या नजरेने.

बांधकामाचं मला कळत नाही. पण मागे वाढवलेल्या न्हाणीघराबद्दल सांगतो. मूळ घरात नळ आत नव्हता, संडास बागेच्या टोकाला. खाणकामगार कोळशाने माखून घरी यायचा आणि चुलीपुढे पत्र्याच्या टबात अंघोळ करायचा. पाणी तापवणं, टब भरणं, उपसणं, कपडे धुणं हे सगळं बायकांच्या पाठीवर. खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय बऱ्याच ठिकाणी १९३० नंतर झाली, काही ठिकाणी तर कितीतरी उशिरा. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने घरसुधारणेला अनुदान सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मागच्या बाजूंना या जोड-खोल्या उभ्या राहिल्या. त्या दिसायला ओबडधोबड आहेत. पण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या, घरात गरम पाण्याचा नळ आला त्या दिवशी आपण रडलो.

तेव्हा मूळ रूप परत आणायच्या उत्साहात त्या जोड-खोलीकडे नाक मुरडून पाहू नका. तोही या घराचाच इतिहास आहे.

आणखी एक. खोऱ्यांतली पुष्कळ घरं ९९ वर्षांच्या जमीनपट्ट्यावर होती. घर कामगाराने किंवा कामगारांच्या बांधकाम-मंडळाने वर्गणी काढून बांधायचं, जमीन मात्र जमीनदाराची. पट्टा संपला की घरही त्याचं. १९६७ च्या कायद्याने रहिवाशांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. त्यानंतर लोकांनी घरावर खरा खर्च करायला सुरुवात केली. दार बदललं, खिडकी बदलली, रंग दिला. त्या खर्चामागे ‘आता हे माझं’ ही भावना होती. आपल्याला प्लास्टिकची खिडकी दिसते, त्यांना हक्क दिसत होता.

केळफूल

काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मी उत्तर वेल्समध्ये बँगोरला असते. इकडची रांगेतली घरं कोळशाची नाहीत, स्लेटच्या (म्हणजे छपरावर घालायच्या पातळ दगडी पाट्यांच्या) खाणीतल्या कामगारांची. लानबेरिसच्या स्लेट संग्रहालयात तानग्रिश्याय गावातली चार घरं एकेक दगड करून आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यांतलं एक १८६१ सालासारखं मांडलं आहे, एक १९०१ मधल्या बेथेस्डा गावातल्या घरासारखं, म्हणजे पेनरिनच्या खाणीतला तीन वर्षं चाललेला संप सुरू असतानाचं, आणि एक १९६९ चं, जेव्हा डिनॉर्विगची खाण बंद पडली. खोल्यांचं माप तेच, पण कामगाराच्या नशिबाप्रमाणे आतलं सगळं बदललेलं.

पाऊसवाट, मला छपराबद्दल बोलायचं आहे. काँक्रीटची कौलं स्लेटपेक्षा फार जड असतात, साधारण दीडपट ते दुप्पट. जुने वासे स्लेटच्या वजनाच्या हिशेबाने घातलेले होते. माळ्यावर चढून वासे वाकलेत का पाहा, आणि रस्त्यापलीकडे उभं राहून आढ्याची रेघ पाहा. मधे झोळ दिसला तर अभियंत्याला बोलवा. परत स्लेट घालायची झाली तर शेजारच्या ज्या घरावर मूळ छप्पर शिल्लक असेल तिथलं माप घ्या. पूर्वी मापांना नावं होती, चोवीस बाय बारा इंचाची डचेस, वीस बाय दहाची काउंटेस. चांगली वेल्श स्लेट शंभर वर्षं सहज जाते. पेनरिनची खाण आजही चालू आहे, त्यामुळे नवी मिळते. जुनी निवडून घेतली तरी चालते, फक्त बोटाने ठोकून पाहायची. खणखणीत वाजली तर चांगली.

काटकसर

मी स्वान्सीला असतो, माझंही घर १९०० च्या आसपासचं आहे, नोंदलेलं नाही. एक वेगळा सूर लावतो.

वेल्समधली साधारण चौथा हिस्सा घरं १९१९ च्या आधीची आहेत. त्यांत राहणारे सगळे श्रीमंत नाहीत. हिवाळ्यातलं गॅसचं बिल पाहून लोक एकाच खोलीत राहतात. ‘भिंतीला श्वास घेऊ द्या’ हे ऐकायला छान आहे, पण माणसांना ऊब कशी मिळणार? बाहेरून इन्सुलेशनचे बोर्ड लावून वर गिलावा केला तर घर उबदार होतं, पाऊसही अडतो. नोंदलेल्या घराला ते चालणार नाही हे मान्य. पण बाकी हजारो रांगांना आपण काय सांगणार आहोत?

चुनखडी

काटकसर, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

पण ब्रिजेंडच्या वरच्या कायराइ गावात काय झालं ते पाहा. २०१२-१३ च्या सुमारास सरकारी योजनेतून शंभरावर घरांना इन्सुलेशन लावलं गेलं. काम वाईट झालं. कडांतून, खिडक्यांच्या उंबऱ्यांतून, छपराच्या टोकाशी पाणी बोर्डांच्या मागे गेलं आणि अडकलं. घरांत बुरशी, ओल. लोक वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि शेवटी वेल्श सरकारला दुरुस्तीसाठी पैसे द्यावे लागले. बाहेरून इन्सुलेशन कुठेच करू नये असं मी म्हणत नाही. विटांच्या कोरड्या भिंतीला, छज्जा पुरेसा बाहेर असेल तर, नीट तपशिलाने ते होतं. ओल्या दगडी भिंतीवर मात्र आधी ओलीचं कारण शोधल्याशिवाय काहीही चढवू नये.

आणि उबेचं गणित क्रमाने करा. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर सोडते. म्हणजे ओल घालवणं हेच पहिलं इन्सुलेशन. मग माळ्यावर जाड थर (छज्जापाशी हवा खेळती ठेवून). मग दारं-खिडक्यांच्या फटी. मग फरशी. भिंत सगळ्यात शेवटी, आणि तीही लाकडाच्या तंतूंचे बोर्ड किंवा कॉर्क मिसळलेला चुन्याचा गिलावा अशा, वाफ आरपार जाऊ देणाऱ्या मालाने, बेताच्या जाडीत. दगडी भिंतींतून प्रत्यक्षात जाणारी उष्णता हिशेबाच्या कोष्टकांत धरलेल्या आकड्यापेक्षा कमी असते, असं मोजमापांतून वारंवार दिसलं आहे. म्हणून नुसत्या कोष्टकावर विसंबून हजारो पौंड घालू नका.

काटकसर

क्रम पटला. माळा आणि फटी हे आधी करून पाहतो. पण गरीब घरांना हा चुना नि लाकूडतंतू परवडणार कसा, हा प्रश्न माझ्यापुरता उभाच आहे.

चुनखडी

माझ्यापुरताही. अनुदानं बसवलेल्या बोर्डांची संख्या मोजतात, पन्हाळ दुरुस्त केल्याचे पैसे कुणी देत नाही. हे बदलायला हवं असं मी दर बैठकीत सांगतो.

पाऊसवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पन्हाळ पाहिली, मागच्या बाजूला सांधा निखळला आहे आणि पाणी थेट भिंतीवर पडतं. पुढे बाहेरची पायवाट आतल्या फरशीपेक्षा जवळजवळ वीतभर उंच आहे!

आता चुलीचा भाग आणि खिडक्या. आणि नोंदलेल्या घराचे नियम नक्की काय?

रेघोटी

मी इथल्या एका नियोजन कार्यालयात काम करते. स्वतःच्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण सर्वसाधारण नियम सांगते.

नोंदणी म्हणजे फक्त दर्शनी भाग नव्हे. आतलं, बाहेरचं, मागची जोड-खोली, जिना, दारं, सगळं त्यात येतं. घराचं स्वरूप बदलेल असं काहीही करायचं तर आधी परवानगी हवी, आणि ती न घेता काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. अर्ज स्थानिक नियोजन खात्याकडे करायचा, काडूकडे नाही. काडू ही वेल्श सरकारची वारसा-संस्था, नोंदणीचं काम तिच्याकडे. या अर्जाला शुल्क नाही. हल्ली हे सगळं २०२३ च्या वेल्सच्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं, तो नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे.

आधीच्या मालकाने विनापरवाना केलेल्या बदलांची जबाबदारी आजच्या मालकाकडे येते आणि त्याला मुदत नाही. म्हणून तुमच्या प्लास्टिकच्या खिडक्या नोंदणीच्या आधीच्या की नंतरच्या, ते वकिलाकडून कळवून घ्या. काडूच्या ‘कोव्ह कम्री’ या ऑनलाइन नोंदवहीत घराचं वर्णन आणि नोंदणीची तारीख मिळेल. बऱ्याचदा वर्णनात मूळ खिडकी कशी होती त्याचाही उल्लेख असतो. अधिकाऱ्याला आधी घरी बोलवा. आम्ही घाबरवायला येत नाही. मूळ पद्धतीच्या लाकडी खिडक्या परत बसवणाऱ्या माणसाला आम्ही आनंदाने मदत करतो.

चुनखडी

चुलीच्या भागाबद्दल माझं स्पष्ट मत : तोडू नका. रांगेत धुराडं बहुधा दोन घरांचं सामाईक असतं. खालचा भाग काढला की वरचं सगळं वजन लोंबकळतं, आणि ते शेजाऱ्याच्याही डोक्यावर असतं. सामाईक भिंतीला हात लावायचा तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. तुमच्या घराइतक्या जुन्या घरात चुलीच्या बाजूलाच भिंतीत वळलेला दगडी जिना असू शकतो. लाकडी फळ्यांमागे बंद करून टाकलेला सापडतो कधीकधी. तो मिळाला तर मला फोटो पाठवा.

रांगेतलं घर एकटं नसतंच. तुमची पन्हाळ शेजाऱ्याच्या पन्हाळीत उतरते, तुमच्या भिंतीतलं पाणी त्याच्या खोलीत निघतं, तुमच्या आढ्याचा झोळ त्याच्या छपराला ओढतो. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून पन्हाळ आणि पायवाट पूर्ण रांगेची एकदम करता आली तर खर्चही वाटला जातो.

डॉक्टरकाका

पाऊसवाट, एक रविवार काढून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात जा, तिथे जुनी घरं आणून पुन्हा उभी केली आहेत. मर्थर टिडविलहून आणलेली रीड-अ-कारची रांग तिथे आहे. रिचर्ड क्रॉशे या लोखंड-कारखानदाराने १८०० च्या थोडं आधी आपल्या खाणीतल्या कामगारांसाठी बांधलेली सहा घरं. संग्रहालयाने १९८७ मध्ये ती उघडली तेव्हा सहाही एका काळातली केली नाहीत. पहिलं १८०५ चं, मग १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं १९८५ चं. मागच्या बागाही त्या त्या काळाच्या.

मर्थरबद्दल हळवं होऊ नये म्हणून हेही सांगतो. १८४९ च्या पटकीत त्या एका गावात चौदाशेहून अधिक माणसं गेली. पिण्याचं पाणी नाही, गटारं नाहीत, दाटीवाटीची वस्ती. पुढे १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर रुंद रस्ते, मागे गल्ली, प्रत्येक घराला परसू अशा नियमांतल्या रांगा आल्या. ऱ्हॉन्दातल्या डोंगराच्या कडेकडेने गेलेल्या लांबच लांब रांगा बहुतेक त्या काळच्या. तुमचं घर त्याआधीचं आहे, म्हणून ते बुटकं आणि अंधारं. तो अंधार कमी करायला रेघोटीताईंची परवानगी घेऊन मागच्या जोड-खोलीच्या छपरात एखादी खिडकी केलीत तर माझी काही हरकत नाही.

पाऊसवाट

काका, जाणार. 

ठरवलं ते असं. रसायन, फोम, चुलीची तोडफोड रद्द. शेजारच्या आजींशी बोलले, त्यांच्याही पुढच्या खोलीत ओल आहे. पन्हाळ दोघी मिळून करतोय. खिडक्यांसाठी अधिकाऱ्यांना बोलावलं आहे. सिमेंटचा गिलावा काढण्याची परवानगी मागणार.

शेवटचा प्रश्न : आत कार्पेटखाली काँक्रीट आहे आणि एका कोपऱ्यात त्याखाली दगडी फरशी दिसते. काँक्रीट काढावं का? आणि सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

चुनखडी

काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद असेल तर जमिनीतली ओल तिथून वर न येता भिंतींकडे वळू शकते, तेव्हा काढण्यात फायदा आहे. पण पन्हाळ आणि पायवाट झाल्यावर एक वर्ष थांबून भिंत किती सुकते ते पाहा. काँक्रीट काढताना दगडी फरशीवर यांत्रिक हातोडीचे घाव नकोत. फरशी उचलावी लागली तर प्रत्येक दगडाला खडूने नंबर आणि वरून फोटो. खाली फुगवलेल्या काचेच्या खड्यांचा थर, त्यावर चुन्याचं काँक्रीट, मग त्याच क्रमाने दगड. परवानगीच्या अर्जात हेही आताच घाला.

महिन्याबद्दल : चुन्याचं बाहेरचं काम एप्रिल ते सप्टेंबर. तापमान पाच अंशांखाली गेलं की काम बंद, ओला चुना गोठला की भुसभुशीत होतो. गिलावा काढून भिंत थोडे आठवडे उघडी सुकू द्या, मग सांधे भरा. छपराला हात लावणार असाल तर आधी वटवाघळांची पाहणी करून घ्या, ती कायद्याने संरक्षित आहेत आणि संध्याकाळची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते. म्हणजे पाहणीवाला आत्ताच ठरवून ठेवा, उन्हाळ्यात त्यांच्या तारखा मिळत नाहीत.